दोन ओटे

गेल्या दिवाळीत सेलूला घरी गेलो तेव्हा आई सोफ्याला टेकून जमिनीवर बसली होती. सोफ्यावर नाही, सोफ्याला टेकून. तीन माणसांच्या त्या सोफ्यावर अण्णांचा पेपर होता, चष्म्याचं घर होतं आणि रिमोट होता.

"वर बस ना," मी म्हणालो.

"बसले असते की. पाय लटकायलेत माझे," ती म्हणाली आणि लसूण सोलत राहिली.

आईची उंची चार फूट दहा इंच. तो सोफा मी पुण्यात, ऑफिसच्या बसमध्ये बसून, मोबाइलवर निवडला होता.

दोन वर्षांपूर्वी मी आमच्या घराचं इंटिरियर करून घेतलं. नोकरीला चार वर्षं झाली होती, थोडी शिल्लक होती, थोडं कर्ज काढलं. यात कुणी कुणाला फसवलं नाही. काम वेळेत झालं आणि बिलही ठरल्याइतकंच आलं. नातेवाईक येऊन फोटो काढून गेले. तरी काहीतरी चुकलं होतं आणि ते माझ्याच हातून चुकलं होतं, हे त्या दिवशी कळलं. नेमकं काय चुकलं हे कळायला मात्र पुढचे काही महिने गेले. दुसऱ्याचं घर कसं असावं हे ठरवण्याचा अधिकार कुणाला असतो? पैसे देणाऱ्याला, त्यातलं शिक्षण घेतलेल्याला, की त्यात राहणाऱ्याला? उत्तर सोपं वाटतं. मलाही आधी वाटलं होतं.

*

सेलू हे परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मनमाडहून परभणीकडे येताना जालना, परतूर गेलं की लागतं. आसपास काळी माती, कापूस, तूर, ज्वारी. आमचं घर जुन्या वस्तीत आहे. आजोबांच्या काळात ते माळवदाचं होतं, म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर कड्या, किलच आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा थर. मी पाहिलं ते स्लॅबचं घर. पण दारापुढचा दगडी ओटा जुनाच राहिला होता.

संध्याकाळी त्या ओट्यावर गल्लीतल्या चार-पाच बायका बसायच्या. कुणी तूर निवडायची, कुणी मेथी. उन्हाळ्यात तिथेच शेवया व्हायच्या, कुरडया वाळायच्या. कुणाच्या सुनेचं काय चाललंय, कुणाची भिशी कधी लागणार, कुणाला परभणीला दवाखान्यात न्यायचंय, हे सगळं त्या ओट्यावर कळायचं आणि बऱ्याचदा तिथेच निस्तरलं जायचं.

तो ओटा मी काढायला लावला. माझी गाडी आत यावी म्हणून. मी वर्षातून चारदा सेलूला जातो.

ओट्याच्या जागी आता चकचकीत फरशी आणि लोखंडी गेट आहे. बायका येत नाहीत. "आम्ही आलो की फरशी खराब होती," असं त्यांतली एक म्हणाली म्हणे. आईने ते मला फार नंतर सांगितलं, तेही हसत.

आत एक नवा ओटा आला, स्वयंपाकाचा. मॉड्युलर किचनमध्ये ओट्याची उंची साधारण ३४ इंच ठेवतात, तशीच आमच्याकडेही ठेवली. आईने आयुष्यभर खाली बसून, पुढ्यात परात घेऊन ज्वारीची भाकरी थापली आहे. भाकरीला वरून जोर लागतो. पीठ छातीच्या खाली असेल तर अंगाचं वजन कामी येतं. ३४ इंचांच्या ओट्यावर चार फूट दहा इंचांच्या बाईला खांदे उचलून थापावं लागतं. सहा महिन्यांत तिचा उजवा खांदा दुखायला लागला. तिने मला सांगितलं नाही. दुपारी मागच्या दारात बसून खालीच भाकरी करायला सुरुवात केली. शेगडी म्हणून जुना एक बर्नर बाहेर काढला. एवढे पैसे घालून केलेल्या स्वयंपाकघराच्या बाहेर माझी आई स्वयंपाक करत होती.

*

मला राग आला आणि तो मी आधी डिझायनरवर काढला. तिला फोन केला. ती माझ्याच वयाची, छत्रपती संभाजीनगरहून काम बघायला यायची. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "सर, प्रश्नावली तुम्हीच भरली होती."

खरं होतं. तिने सुरुवातीलाच बावीस प्रश्नांचा एक फॉर्म पाठवला होता. बजेट किती, रंग गडद की फिके, शैली मॉडर्न की क्लासिक, टीव्ही किती इंची. मी तो वीस मिनिटांत भरून टाकला होता. सकाळी सगळ्यांत आधी कोण उठतं, भाकरी कोण करतं, तिची उंची किती, संध्याकाळी दारात कोण येतं, असलं त्यात काही नव्हतं. मीही आपण होऊन सांगितलं नाही. मग तिने थ्री-डी चित्रं पाठवली. त्यांत खिडकीतून छान ऊन येत होतं, टेबलावर एका बशीत दोन लिंबं होती आणि माणूस एकही नव्हता. मी "मस्त!" असं उत्तर पाठवलं. आमच्या त्या खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत आहे, हे चित्र बघताना माझ्याही लक्षात आलं नाही.

त्या फोनवर ती स्वतःबद्दल बरंच बोलली. वडिलांचं प्लायवूडचं दुकान. दहावीपासून दुकानात बसून गिऱ्हाइकांना लॅमिनेटचे नमुने दाखवायची. मग डिप्लोमा. मग पुण्यात दोन वर्षं नोकरी, त्यात फक्त वॉर्डरोब आणि संडास-बाथरूमची ड्रॉइंग्ज. मग स्वतःचं काम. ती म्हणाली, "लोक माझ्या विचाराचे पैसे देत नाहीत हो. कामाचे देतात. जेवढी भिंत झाकू तेवढं बिल. इथे काही करू नका, हे आहे तसंच छान आहे, असं सांगितलं तर मला काय मिळणार?"

हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण हा एकट्या डिझायनरच्या स्वभावाचा प्रश्न नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी असल्याशिवाय कुणाला स्वतःला वास्तुविशारद म्हणवता येत नाही. इंटिरियर डिझायनरला अशी कायदेशीर नोंदणी नाही. त्यांची राष्ट्रीय संस्था मुंबईत त्याच १९७२ साली स्थापन झाली, पण तिचं सदस्य असणं बंधनकारक नाही. त्यामुळे सेलूसारख्या गावात हे काम सुतार करतो, पीओपीवाला करतो, टाइल्सचा दुकानदार करतो आणि सगळ्यांत जास्त मोबाइलमधला फोटो करतो. "असं पाहिजे," एवढंच गिऱ्हाईक म्हणतं. बहुतेकांची कमाई चौरस फुटावर किंवा विकलेल्या मालावर. म्हणजे जागा मोकळी सोडण्याचा सल्ला देणाऱ्याचं नुकसान ठरलेलं. काम नीट करणं आणि कमी करणं यांतलं एकच निवडायचं असेल, तर बाजार दुसऱ्याला पैसे देत नाही.

पण तिच्यावर बोट ठेवण्याआधी मला माझ्या धंद्याकडे बघावं लागलं. मी ज्या ॲपवर काम करतो त्यातलं सेटिंग्जचं पान माझ्या टीमकडे आहे. कुठलं बटण आधीपासून चालू ठेवायचं, कुठलं बंद, हे आम्ही ठरवतो. त्याला डिफॉल्ट म्हणतात. बहुतेक माणसं डिफॉल्ट कधीच बदलत नाहीत, हे आमच्या क्षेत्रात पहिल्या वर्षीच कळतं. म्हणजे 'तुम्हाला हवं ते बदला' असं लिहून ठेवलं तरी प्रत्यक्षात लोक आम्ही ठरवलेल्या जगात राहतात. आईच्या बाबतीत मी हेच केलं. फरक इतकाच की ॲपमधलं बटण अंगठ्याने बदलता येतं. ग्रॅनाइटचा ओटा येत नाही.

*

त्याच काळात मी बाळकृष्ण दोशी यांच्याबद्दल वाचायला लागलो. २०१८ साली त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला होता. वास्तुकलेतला हा सर्वांत मोठा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. ते पुण्याचे, एवढं मला तेव्हापासून माहीत होतं. वास्तुविशारद आणि इंटिरियर डिझायनर हे वेगळे व्यवसाय, पण मला पडलेला प्रश्न दोघांचाही आहे. आणि दोशींची सुरुवात तर लाकडी सामानातूनच झाली.

१९२७ साली पुण्यात एका गुजराती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरात फर्निचर बनवण्याचा व्यवसाय दोन पिढ्यांचा. एकत्र कुटुंब, आणि माणसं वाढतील तसं वाढत गेलेलं घर. पुढे मुंबईला जे.जे.मध्ये वास्तुकलेचं शिक्षण, मग लंडन, मग १९५१ च्या सुमारास पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या ऑफिसात. तिथे पहिले काही महिने बिनपगारी काम. कॉर्ब्युझिए त्या काळातला जगातला बहुधा सर्वांत प्रभावी वास्तुविशारद. त्याने मानवी शरीरावर आधारलेली मापांची एक पद्धत बनवली होती, 'मॉड्युलर' नावाची. दाराची उंची, टेबलाची उंची, छताची उंची, सगळं त्या मापांतून काढायचं. त्या पद्धतीतलं मानवी शरीर म्हणजे १.८३ मीटर उंचीचा, सहा फुटी पुरुष.

हे वाचलं आणि मला आईचा खांदा आठवला. आमच्या ३४ इंचांचा या मापाशी थेट संबंध असेल असं नाही. पण कुठल्यातरी एका शरीराला 'माणूस' समजायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं, ही सवय तीच.

दोशी कॉर्ब्युझिएला आयुष्यभर गुरू मानत राहिले. त्याच्या अहमदाबादमधल्या इमारतींचं काम बघायला ते भारतात परतले आणि तिथेच स्थिरावले. पण घरांच्या बाबतीत ते हळूहळू वेगळ्या दिशेला गेले. १९७३ साली अहमदाबादला त्यांनी एलआयसीसाठी वसाहत बांधली. तीन मजले, खाली मोठं घर, मधे मध्यम, सगळ्यांत वर लहान. वरच्या घराला खालच्याची गच्ची मिळते. वेगवेगळ्या कमाईची कुटुंबं एकाच जिन्याने ये-जा करतात. पुढच्या वर्षांत लोकांनी गच्च्या झाकल्या, खोल्या काढल्या, जाळ्या बसवल्या. मूळ आराखडा ओळखू येईना. बहुतेक वास्तुविशारदांना हे बघून वाईट वाटलं असतं. दोशींना त्यात घर जिवंत असल्याची खूण दिसली.

मग इंदूरची अरण्य वसाहत. १९८० च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी सुमारे साडेसहा हजार भूखंडांची योजना. त्यातले बहुतेक भूखंड सर्वांत गरीब कुटुंबांसाठी, सुमारे ३५ चौरस मीटरचे. दोशींच्या संस्थेने तिथे पूर्ण घरं बांधून दिली नाहीत. रस्ते, उतार, सांडपाणी, झाडं यांचा फार बारीक विचार केला. भूखंडावर जोतं, पाणी, संडास-न्हाणी आणि कुठे एखादी खोली दिली. कसं वाढवता येईल हे दाखवायला ऐंशी नमुना घरं उभी केली. बाकी ज्याचं त्याने, ज्याच्या त्याच्या पैशाने, जमेल तेव्हा. या कामाला १९९५ साली आगा खान पुरस्कार मिळाला. ती नमुना घरंही पुढे लोकांनी ओळखू येणार नाहीत इतकी बदलली.

२०२३ च्या जानेवारीत वयाच्या ९५ व्या वर्षी दोशी गेले. त्यांच्या कारकिर्दीतली मला सर्वांत शिकण्यासारखी वाटलेली गोष्ट म्हणजे ही थांबण्याची जागा. एवढं शिकलेला, एवढं नाव झालेला माणूस जोत्यापाशी थांबतो आणि म्हणतो, इथून पुढे तुम्ही.

*

इथे लेख संपवता आला असता. 'घर राहणाऱ्याच्या मनाप्रमाणे असावं, जुनं घर किती माणसांचं होतं, डिझायनरांनी वाट लावली,' असं म्हणून. पण ते खोटं ठरेल. दोन कारणांनी.

पहिलं कारण किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. मोठ्या भूकंपांच्या यादीत बसावा इतका तो मोठा नव्हता. माणसं मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं थर चढत गेलेलं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, लोकांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं घर त्यांच्या अंगावर आलं. आमच्या आजोबांनी त्यानंतर दोनच वर्षांत माळवद उतरवलं आणि स्लॅब टाकला. 'उन्हाळ्यात भाजतं, पण रात्री झोप लागते,' असं आजी म्हणायची. भिंत किती जाड, छत किती जड, काळ्या मातीत पाया किती खोल (ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भिंतींना तडे जातात ते त्यामुळे), विजेची तार किती जाडीची, या गोष्टी आवडीनिवडीच्या नाहीत. तिथे जाणकाराने ठामपणे 'नाही' म्हणायला हवं. तिथे लोकांच्या कलाने घेणं हा बेजबाबदारपणा आहे.

पण किल्लारीनंतर जे झालं तेही लक्षात ठेवायला हवं. ५२ गावं नव्या जागी वसवली. घरांचे आकार जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत शेती असलेल्यांना अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरांपेक्षा जास्त असलेल्यांना साडेसातशे. सरळ रुंद रस्ते, ओळीत घरं. घरं पक्की होती, ते आवश्यकच होतं. पण गल्ली गेली, शेजार विखुरला, गोठ्याला जागा उरली नाही. अनेकांना ती आपली वाटायला वर्षं लागली. याउलट ज्या गावांत पडझड कमी होती तिथे सरकारने घरमालकाला हप्त्याहप्त्याने पैसे दिले आणि अभियंत्यांच्या देखरेखीखाली त्यानेच दुरुस्ती-मजबुतीकरण करून घेतलं. म्हणजे एकाच कार्यक्रमात दोन वेगळे विचार होते. एकात राहणारा लाभार्थी होता, दुसऱ्यात मालक.

दुसरं कारण आमचा बाहेरचा ओटा. ज्या ओट्यासाठी मी एवढा गळा काढतोय, त्यावर एके काळी सगळ्यांना बसता येत नव्हतं. काही जण अंगणात उभे राहून बोलायचे, त्यांना पाणी वरून ओतलं जायचं. हे मला आजीनेच सांगितलं होतं, त्यात काही वावगं आहे असं न वाटता. जुन्या वाड्यांत ढाळजेत पुरुष बसणार, बायका माजघराच्या अंधारात. महिन्याचे चार दिवस एक ठरलेला कोपरा. ही रचना कुणी बायकांना विचारून केली नव्हती. परंपरा हीसुद्धा एक डिझायनर आहे. ती फॉर्म भरून घेत नाही आणि तिला फोन करून जाबही विचारता येत नाही.

म्हणजे नवं वाईट आणि जुनं चांगलं अशी वाटणी इथे चालत नाही. वाटणी वेगळी आहे. घरातल्या काही गोष्टी अशा, की त्या चुकल्या तर जीव जातो किंवा दुरुस्त करायला घर पाडावं लागतं. त्या जाणकाराने कराव्यात आणि नीट कराव्यात. काही गोष्टी अशा, की त्या चुकल्या हे फक्त राहणाऱ्यालाच कळतं, तेही राहिल्यावर. त्या शक्य तितक्या मोकळ्या सोडाव्यात, नंतर हलवता येतील, बदलता येतील अशा. अरण्यमध्ये जोतं आणि सांडपाण्याची नळी पहिल्या प्रकारात होती, बाकी घर दुसऱ्या. माझं नेमकं उलटं झालं. वायरिंग जुनंच ठेवलं, कारण ते दिसत नाही. सगळे पैसे दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी कायमच्या पक्क्या करण्यात घातले.

*

हे सगळं उमगल्यावर मी काय केलं? जे एखादा इंजिनिअर करेल तेच. चूक दुरुस्त करायला निघालो. या उन्हाळ्यात सुट्टी काढून सेलूला गेलो आणि आईला म्हणालो, "आपण बाहेरचा ओटा परत बांधू. आतला ओटा फोडून खाली घेऊ."

"कामून?" ती म्हणाली.

मी कारणं सांगितली. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, आतला ओटा फोडू नको. चहाला, मिक्सरला तो बरा पडतो, पाट्या-वरवंट्यापाशी उकिडवं बसून वाटण्यापेक्षा कितीतरी बरा. भाकरीचं तिने बघितलंय. गल्लीतल्या सुताराला सांगून सहा इंच उंचीचा एक रुंद पाट करून घेतलाय, मागच्या दाराशी ठेवते. आणि बाहेरचा ओटा? "आता त्या बी येत नाहीत ग तशा. दोघी पोराकडं गेल्या, एक वारली. बांधून कोण बसणार?" मग थोडं थांबून, "एखादं बाकडं ठेव हवं तर. गाडी आली की सरकवता येतं."

मी गप्प बसलो. पश्चात्तापाने का होईना, मी पुन्हा तिच्या घराचा आराखडा तिला न विचारता काढला होता. ओटा पाडतानाही मीच आणि बांधतानाही मीच.

तुम्ही म्हणाल, मग आधीच विचारायचं होतं. खरं सांगू का, मी आधीही विचारलं होतं. काम सुरू होण्यापूर्वी फोनवर. तिचं उत्तर होतं, "तुला आवडंल तसं कर." मी ते होकार म्हणून घेतलं. ज्या बाईला पन्नास वर्षांत कुणी तिची आवड विचारली नाही, तिच्या 'तुला आवडंल तसं'चा अर्थ 'मला आवड नाही' असा नसतो. विचारणाऱ्याने तिथे थोडं थांबायला हवं. दोन दिवस घरात राहून नुसतं बघायला हवं: कोण कुठे टेकतं, कोण कुठे कधीच बसत नाही. अशा थांबण्याचे पैसे कुणी डिझायनरला देत नाही, हे वर आलंच आहे. पण मी तर मुलगा होतो. मला कुणी चौरस फुटाने मोजत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी आईने स्वतःहून एक गोष्ट काढली. इंटिरियरच्या वेळी मी मागची खोली माझ्यासाठी करून घेतली होती, घरून काम करता यावं म्हणून. टेबल, फिरती खुर्ची, पुस्तकांचा कप्पा, आतून कडी. वर्षातले अकरा महिने ती खोली बंद असते.

"ती खोली तुला लागती का रे फार?"

"नाही. का?"

"मला दी."

मी विचारलं, कशाला हवीय? शिलाई मशीन ठेवायचंय? देवघर हलवायचंय? प्रश्न तोंडातून गेल्यावर माझ्याच लक्षात आलं की मी पुन्हा फॉर्म भरून घेतोय.

"कशाला काय? दुपारी दार लावून पडावं वाटतंय घटकाभर. ह्या घरात मला लावायला दारच नाही."

अण्णांची बैठक पुढच्या खोलीत, झोपायच्या खोलीत सगळ्यांची ये-जा, स्वयंपाकघराला दार नाही. जुन्या माळवदाच्या घरातही तिच्यासाठी दार नव्हतं, आजोबांच्या स्लॅबच्या घरात नव्हतं आणि माझ्या थ्री-डी चित्रातही नव्हतं. परंपरेला, फॅशनला आणि माझ्या पश्चात्तापाला, तिघांनाही हे सुचलं नव्हतं. आतून कडी असलेली एक खोली. ती मी बांधली होती, पण स्वतःसाठी.

मी किल्ली दिली. जाताना टेबल काढायचं का, असं विचारणार होतो, विचारलं नाही. पुण्याला आल्यावर महिनाभराने फोन केला तेव्हा अण्णा म्हणाले, तिने सुताराला बोलावून काहीतरी करून घेतलंय. काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"आई कुठंय?" मी विचारलं.

"खोलीत आहे. दार लावलंय. चारनंतर कर फोन."